साक्ष द्यावी ती आपल्या गावात

मराठीत आपण ‘हुतात्मा’ म्हणतो. ज्यानं स्वतःची आहुती दिली, तो हुतात्मा. या शब्दात होमकुंड आहे, अग्नी आहे. अरबी-उर्दूत ‘शहीद’ म्हणतात, आणि तो शब्दही आता मराठीत चांगला रुळलाय. पण ‘शहीद’च्या मुळाशी आग नाही, तलवारही नाही. त्याच्या मुळाशी आहे साक्ष. ‘शाहिद’ म्हणजे साक्षीदार, त्याचंच हे भावंड. गंमत पाहा, ज्या ग्रीक शब्दावरून इंग्रजीतला ‘मार्टर’ आला, त्याचाही मूळ अर्थ साक्षीदार हाच. कोर्टात उभा राहतो तो, तुमच्या-आमच्यासारखा साधा साक्षीदार.

कविता लिहिणाऱ्याला शब्दांची मुळं उकरायची खोड असते. या दोन शब्दांच्या मागं जाता जाता मी एका ख्रिस्ती बिशपांच्या चरित्रापाशी येऊन पोचलो. हुतात्म्यांच्या गोष्टी आपण बहुतेक शेवटाकडून सांगतो. साक्षीदाराला मात्र पहिला प्रश्न वेगळाच विचारतात: त्या दिवशी तुम्ही कुठं होता? कार्थेजचे बिशप सिप्रियन यांना हा प्रश्न विचारला गेला. आणि तो विचारला त्यांच्याच माणसांनी.

कार्थेज म्हणजे उत्तर आफ्रिकेतलं जुनं बंदर. आज ते ट्युनिस शहराचं समुद्रकाठचं उपनगर आहे. हे हॅनिबलचं गाव. रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ मध्ये ते बेचिराख केलं आणि पुढं शंभरेक वर्षांनी स्वतःच पुन्हा वसवलं. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ते भरभराटीला आलं होतं. इथला गहू जहाजांत भरून रोमला जायचा. याच शहरात सिप्रियन वक्तृत्व शिकवायचे. त्या काळात वक्तृत्व हा काही हौसेचा विषय नव्हता. वकिली, सरकारी हुद्दे, मानमरातब, सगळ्यांची वाट तिथूनच जायची. त्यामुळं सिप्रियन यांच्याकडे पैसा होता, बागबगीचे होते, मोठ्या लोकांत ऊठबस होती. प्रौढ वयात, २४६ च्या सुमारास, एका वृद्ध धर्मगुरूच्या सहवासात ते ख्रिस्ती झाले. मालमत्तेचा मोठा भाग त्यांनी गरिबांना वाटून टाकला. आणि दोन-तीन वर्षांतच लोकांनी आग्रह करून त्यांना बिशप केलं. पाच ज्येष्ठ धर्मगुरूंना हे मुळीच रुचलं नाही. काल दीक्षा घेतली आणि आज गादीवर बसला, असं त्यांना वाटलं असणार. ही पाच माणसं पुढच्या गोष्टीत लागणार आहेत.

२४९ साली डेशियस नावाचा सेनापती रोमचा सम्राट झाला. साम्राज्य चहूबाजूंनी खिळखिळं झालं होतं. देव रागावलेत, सगळ्या रयतेनं मिळून त्यांना प्रसन्न केलं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं हुकूम काढला की प्रत्येकानं देवांना बळी द्यावा, मद्याची धार सोडावी, प्रसादाचं मांस चाखावं, आणि हे केल्याचा सरकारी दाखला घ्यावा.

हे दाखले आजही पाहायला मिळतात. इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. २५० सालच्या उन्हाळ्यातले. त्यांचा मजकूर ठराविक साच्याचा आहे. मी आजवर देवांना नेहमीच भजत आलो, आणि आता तुमच्यासमक्ष बळी दिला, धार सोडली, प्रसाद चाखला, तरी सही करून मिळावी, अशा अर्थाचा. एका बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर ओळखीची खूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण नोंदवलाय. आणि एक दाखला तर मगरीच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या देवाच्या पुजारणीचा आहे! जिचं सगळं आयुष्य देवळात गेलं, तिलाही आपण देव मानतो हे कागदावर लिहून घ्यावं लागलं. सरकारनं एकदा निष्ठा कागदावर मागायला सुरुवात केली, की निष्ठावंतांनाही रांगेत उभं राहावं लागतं. आपल्याकडे दाखल्याला काय वजन असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

ख्रिस्ती माणसाला मात्र हा नुसता कागद नव्हता. एका देवाशिवाय दुसऱ्यापुढं धूप जाळायचा नाही, हाच तर त्याचा धर्म. पण कार्थेजमध्ये काय झालं? सिप्रियन यांनीच लिहून ठेवलंय, आणि फार कडवटपणे लिहिलंय. लोक पकडून नेण्याची वाट न पाहता स्वतःहून चौकात धावले. इतकी गर्दी झाली की संध्याकाळ झाल्यावर अधिकारी म्हणू लागले, आता उद्या या, आणि लोक म्हणत, नाही, आजच उरकून टाका. आईबापांनी तान्ही मुलं कडेवर घेऊन नेली. काहींनी युक्ती केली. बळी न देताच अधिकाऱ्याचा हात ओला करून दाखला मिळवला. काही थोडे खंबीर राहिले, तुरुंगात गेले, उपासमारीनं मेले. आणि बोना नावाची एक बाई होती. तिला नवऱ्यानं ओढत वेदीपाशी नेलं, लोकांनी तिचे हात धरून तिच्याकडून विधी करवून घेतला. ती ओरडत राहिली की हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. तिला हद्दपार केलं गेलं. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या इतिहासात या बाईची एवढीच नोंद आहे. पण माझ्या लेखी ती फार मोठी आहे.

आणि बिशप? बिशप गावात नव्हते.

रोमचे बिशप फेबियन २५० च्या जानेवारीत मारले गेले. कार्थेजच्या जमावानं सिप्रियन यांना सिंहापुढं टाका म्हणून आरोळ्या दिल्या, त्यांची मालमत्ता जप्त झाल्याची दवंडी पिटली गेली. ते निसटले आणि लपून राहिले, वर्षाहून जास्त काळ. तिथून पत्रं लिहून ते आपली मंडळी सांभाळत होते. तुरुंगातल्यांना पैसे पाठवा, विधवांची, आजाऱ्यांची, परक्यांची सोय बघा, तुरुंगात भेटायला झुंडीनं जाऊ नका, आळीपाळीनं जा म्हणजे पहारेकऱ्यांना संशय येणार नाही. अशी ती अगदी व्यवहारी पत्रं आहेत.

पण गावातले ते पाच जण गप्प बसले नाहीत. रोमहूनही एक पत्र आलं. रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजच्या धर्मगुरूंना लिहिलेलं. त्यात आडून आडून सुचवलं होतं की चांगला मेंढपाळ कळप सोडून जात नाही. हे पत्र सिप्रियन यांच्या हाती पडलं. त्यांनी काय करावं? ते मूळ पत्रच त्यांनी रोमला परत पाठवून दिलं. सोबत लिहिलं की याचा मजकूर, अक्षर आणि कागदसुद्धा पाहून मला शंका येते, कुणी यात फेरफार तर केला नाही ना, तेव्हा हे तुमचंच आहे का तेवढं पाहून कळवावं. वक्तृत्वाचा जुना मास्तर इथं बरोबर दिसतो! नंतर मात्र त्यांनी त्या काळात लिहिलेल्या आपल्या तेरा पत्रांच्या नकला रोमला पाठवल्या. मी कुठं होतो आणि काय करत होतो, ते वाचून ठरवा, असा त्याचा अर्थ.

ही पळाल्याची गोष्ट पुष्कळ चरित्रकार घाईघाईनं आवरती घेतात. मला ती महत्त्वाची वाटते. आम्हा मुसलमानांची तर कालगणनाच एका स्थलांतरापासून सुरू होते. हिजरत हा आमच्या लेखी लाजेचा शब्द नाही. त्याच्याही आधी मक्केत छळ सोसणाऱ्या मुसलमानांना पैगंबरसाहेबांनी समुद्रापलीकडं पाठवलं होतं, ते हबशी देशाच्या राजाकडं, आणि तो राजा ख्रिस्ती होता. जीव वाचवणं आणि धर्म सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिप्रियनही हेच म्हणत होते. माझं जाणं मला वाचवण्यासाठी नव्हतं, मी गावात असतो तर माझ्या निमित्तानं दंगा आणखी पेटला असता, असं त्यांनी रोमला कळवलं. हे सगळं खरं होतं का? काही तरी भीतीही असेलच. माणूसच होता. पण त्यांचं पुढचं वागणं बघितलं, तर पळून गेलेला म्हणून झालेली ती टोचणी त्यांना उपयोगीच पडली असं मला वाटतं.

कारण आता खरा पेच उभा राहिला. डेशियसची धामधूम वर्षभरात ओसरली आणि दाखला घेतलेले हजारो लोक चर्चच्या दारात येऊन उभे राहिले. आम्हाला परत घ्या म्हणाले. त्यांना ‘पडलेले’ असं नाव मिळालं होतं. काय करायचं त्यांचं?

एक मार्ग सोपा होता. जे तुरुंगात खंबीर राहिले त्यांना फार मान होता. त्यांची चिठ्ठी घेऊन आलं की दार उघडावं, असा प्रघात पडू लागला. बघता बघता चिठ्ठ्यांचा सुळसुळाट झाला. अमक्याला त्याच्या घरच्यांसह आत घ्या, एवढंच लिहिलेलं. आता घरचे म्हणजे किती? वीस? तीस? नोकरचाकर धरून? एका सरकारी दाखल्यानं पडलेल्यांना आता दुसऱ्या पवित्र दाखल्यानं उभं करायचं, असा तो प्रकार. आणि सिप्रियन यांचे विरोधक पाच धर्मगुरू उदारपणे दार सताड उघडायला तयारच होते, कारण त्यात बिशपची गोची होत होती. रोममध्ये उलट टोक होतं. नोव्हेशियन नावाचे एक विद्वान धर्मगुरू म्हणत होते की पडलेल्यांना मरेपर्यंत क्षमा नाही.

सिप्रियन यांनी ‘पडलेल्यांविषयी’ म्हणून एक पुस्तिका लिहिली. खरं सांगायचं तर ती मला फारशी आवडत नाही. देवाच्या कोपाच्या भीतीदायक कथा तिच्यात आहेत. अमकीनं प्रसाद खाल्ला आणि तिला आचके आले, अशा. पण त्याच पुस्तिकेत एक जागा वेगळी आहे. छळ सोसता सोसता ज्याचं शरीर हरलं, त्याच्याविषयी ते लिहितात. मन हटलं नव्हतं, देह थकला, असं तो सांगू शकतो आणि ते ऐकलं पाहिजे, असा त्यांचा आशय आहे.

इथं मला अम्मार आठवतात. आमच्याकडे अम्मार इब्न यासिर यांची गोष्ट मुलांना सांगतात. मक्केतल्या सरदारांनी अम्मार यांच्या आईवडिलांना, सुमय्या आणि यासिर यांना, छळून मारलं. इस्लाममधली पहिली शहीद ही सुमय्या, एक गुलाम स्त्री. मुलाला मात्र छळ सोसवला नाही. जे वदवून घ्यायचं होतं ते त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतलं. तो रडत पैगंबरसाहेबांकडं आला. त्यांनी त्याला एकच विचारलं, तुझ्या मनाचं काय? मन जागच्या जागी आहे, तो म्हणाला. मग पैगंबरसाहेबांनी त्याचे डोळे पुसले आणि सांगितलं की पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा तसंच कर. कुराणात सूरह नहलमध्ये याचा आधार आहे. सिप्रियन यांच्यानंतर साडेतीनशे वर्षांहून अधिक काळानं, दुसऱ्या वाळवंटात, दुसऱ्या धर्मात तोच प्रश्न आला. धर्म नवा असतो तेव्हा त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. वीर थोडे असतात आणि समाज तर सगळ्यांचा करायचा असतो.

सिप्रियन अम्मारच्या गोष्टीइतके मऊ झाले नाहीत. पण त्यांनी दार बंदही केलं नाही. २५१ च्या ईस्टरनंतर ते गावात परतले आणि त्यांनी आफ्रिकेतल्या बिशपांची परिषद बोलावली. ठरलं ते असं: सरसकट माफी नाही आणि सरसकट बंदीही नाही. ज्यांनी फक्त दाखला मिळवला त्यांची एकेकाची चौकशी करून आत घ्यावं. ज्यांनी खरोखर बळी दिला त्यांनी दीर्घकाळ पश्चात्ताप करावा, पण मरणाच्या वेळी कुणाला नाकारू नये. पुढं नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा पश्चात्तापात टिकून राहिलेल्या सगळ्यांनाच आत घेतलं. ज्यांना उद्या लढायला पाठवायचं त्यांना आज उपाशी ठेवता येत नाही, असा युक्तिवाद. तिघांविषयी त्यांचं एक पत्र आहे. हे तिघे आधी ठाम राहिले, नंतर प्रांताधिकाऱ्याच्या छळापुढं वाकले आणि मग तीन वर्षं रडत दाराशी राहिले. पुरे झालं आता, त्यांना घ्यावं, असं सिप्रियन यांनी मत दिलं. ‘एकेकाची चौकशी’ हा निर्णय कंटाळवाणा दिसतो. त्यात टाळ्या पडत नाहीत. पण स्वतः ज्याला ‘तू कुठं होतास’ हे विचारलं गेलंय, तोच दुसऱ्याला हा प्रश्न एकेकट्यानं आणि ऐकून घेण्याच्या तयारीनं विचारू शकतो.

मधल्या वर्षांचं थोडक्यात सांगतो. साथ आली. उलट्या, जुलाब, डोळे लाल, हातपाय सडून जाणं, बहिरेपण, आंधळेपण ही लक्षणं सिप्रियन यांनी लिहून ठेवली, म्हणून इतिहासात ती ‘सिप्रियनची साथ’ म्हणूनच ओळखली जाते. लोक आजारी माणसांना रस्त्यावर टाकून पळत होते. कालच ज्यांनी सिंहाच्या आरोळ्या दिल्या त्यांच्याही घरात साथ होती. सिप्रियन यांनी आपल्या लोकांना जमवलं आणि सांगितलं की फक्त आपल्यांची सेवा केलीत तर त्यात विशेष काय? ज्याच्याकडे पैसा त्यानं पैसा दिला, ज्याच्याकडे नाही त्यानं अंगमेहनत केली. याच सुमारास न्युमिडियात टोळीवाल्यांनी पळवून नेलेल्या माणसांच्या सुटकेसाठी कार्थेजच्या मंडळीनं एक लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, जमा करून पाठवली. या वेळी बिशप कुठं होते, हे कुणी विचारलं नाही.

मग ते रोमशी भांडले. पाखंडी मंडळीत बाप्तिस्मा घेतलेला माणूस आपल्याकडे आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यावा, असं सिप्रियन यांचं म्हणणं. एकदा झाला तो झाला, असं रोमचे बिशप स्टीफन यांचं. २५६ च्या १ सप्टेंबरला कार्थेजला ८७ बिशप जमले आणि सगळ्यांनी सिप्रियन यांच्या बाजूनं मत दिलं. पुढं चर्चनं मान्य केलं ते मात्र रोमचंच. मलाही ते बरोबर वाटतं. माणूस एकदा भिजला की भिजला, पाणी कुणाच्या घागरीतलं याला किती महत्त्व द्यायचं? पण भांडणाऱ्या या बिशपांना रोमनं टाकलं नाही. रोमचे आधीचे बिशप कॉर्नेलियस, ज्यांना सिप्रियन यांनी नोव्हेशियनविरुद्ध साथ दिली होती, आणि सिप्रियन या दोघांचा सण एकाच दिवशी, १६ सप्टेंबरला असतो. मिस्सेतल्या रोमन प्रार्थनेच्या संतमालिकेतही ही दोन नावं लागोपाठ येतात. आपल्या वसईच्या चर्चमध्ये मराठीतून मिस्सा होते. तिथं ती प्रार्थना पूर्ण म्हटली, तर त्यात कार्थेजचे हे सिप्रियनही असतात.

आता शेवट. सम्राट व्हॅलेरियन यानं २५७ मध्ये पुन्हा छळ आरंभला. या वेळी नेम धरून, पुढाऱ्यांवर. ३० ऑगस्टला सिप्रियन प्रांताधिकाऱ्यापुढं उभे राहिले. आपण ख्रिस्ती आहोत, बिशप आहोत, आणि एका देवाची प्रार्थना करतो, ती सम्राटांच्या सुखासाठीही करतो, असं त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्यानं बाकीच्या धर्मगुरूंची नावं मागितली. सिप्रियन म्हणाले की चुगलखोरी करू नये असं तुमच्याच चांगल्या कायद्यांत आहे, ते आपापल्या गावांत सापडतील. वकिली बाणा! त्यांना कुरुबिस नावाच्या समुद्रकाठच्या गावी हद्दपार केलं. आज त्याला कोर्बा म्हणतात.

सोबत गेलेला त्यांचा डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, पाँटियस यानं पुढं त्यांचं चरित्र लिहिलं. तो सांगतो की कुरुबिसच्या पहिल्याच रात्री सिप्रियन यांना स्वप्न पडलं. एका उंचापुऱ्या तरुणानं त्यांना प्रांताधिकाऱ्यापुढं नेलं. अधिकारी पाटीवर काही तरी लिहू लागला. मागं उभ्या तरुणानं हातानंच तलवार चालवल्याची खूण केली. सिप्रियन यांना शिक्षा कळली. त्यांनी एका दिवसाची मुदत मागितली, कामं आवरायला. ती मिळाली. स्वप्नातला तो एक दिवस जागेपणी एक वर्ष निघाला, असं पाँटियस म्हणतो. वर्षभरानं, त्याच तारखेला.

२५८ च्या उन्हाळ्यात दुसरा हुकूम आला: बिशप, धर्मगुरू, डीकन सापडतील तिथं ठार मारा. रोमचे बिशप सिक्स्टस ६ ऑगस्टला भुयारी दफनभूमीत मारले गेले. सिप्रियन तोवर कार्थेजला, आपल्या बागेत परत आले होते. बडे मित्र पळून जा म्हणून सांगत होते. त्यांनी नकार दिला. आणि मग एक विचित्र गोष्ट केली. ते पुन्हा लपले!

का? प्रांताधिकारी त्या वेळी युटिका गावी होता आणि शिपाई त्यांना तिकडं न्यायला निघाले होते. सिप्रियन यांनी आपल्या लोकांना शेवटचं पत्र लिहिलं ते याच लपण्याचा खुलासा करण्यासाठी. बिशपनं साक्ष द्यायची ती आपल्याच गावात, आपल्या माणसांसमोर. परगावी माझा निवाडा झाला तर तुमचा मान जाईल. अधिकारी कार्थेजला येऊ द्या, मी हजर होतो. लोक मात्र शांत राहोत, कुणी दंगा करू नये, कुणी आपणहून अधिकाऱ्यांच्या हाती जाऊ नये. आठ वर्षांपूर्वीचं लपणं आणि हे लपणं मी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. माणूस तोच आहे. तेव्हा गावासाठी गाव सोडलं होतं, आता गावासाठीच युटिका टाळली.

अधिकारी गॅलेरियस मॅक्सिमस आला. १३ सप्टेंबरला दोन सरकारी माणसं सिप्रियन यांना गाडीत, दोघांच्या मध्ये बसवून घेऊन गेली. अधिकारी आजारी होता, हवापालटासाठी गावाबाहेर राहत होता. सुनावणी उद्यावर गेली. ती रात्र सिप्रियन एका अंमलदाराच्या घरी पाहुण्यासारखे राहिले. बातमी पसरली आणि सगळी मंडळी येऊन त्या घरापुढच्या रस्त्यावर रात्रभर बसून राहिली. सिप्रियन यांनी आतून निरोप पाठवला की गर्दीत मुली आहेत, त्यांना सांभाळा. मरणाच्या आदल्या रात्री या माणसाला हे सुचतं! मला त्यांच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा हा निरोप जवळचा वाटतो.

सकाळी चालत नेताना ते घामानं भिजले. पूर्वी ख्रिस्ती असलेल्या एका शिपायानं आपले कोरडे कपडे देऊ केले. ती ओली वस्त्रं त्याला जवळ ठेवायची होती. हा त्रास आजचाच, त्यावर कशाला इलाज, अशा अर्थाचं सिप्रियन बोलले. सुनावणी अगदी छोटी झाली. नाव विचारलं, पद विचारलं. देवांना बळी द्या म्हणाले. देणार नाही म्हणाले. विचार करा म्हणाले. इतक्या सरळ गोष्टीत विचार करण्यासारखं काही नाही, म्हणाले. अधिकाऱ्यानं अनिच्छेनंच निकाल वाचला: तलवारीनं शिरच्छेद. सिप्रियन यांनी देवाचे आभार मानले. लोक ओरडले की आम्हालाही त्यांच्याबरोबर मारा.

झाडांनी वेढलेलं एक मैदान होतं. लांबून दिसावं म्हणून माणसं झाडांवर चढली. सिप्रियन यांनी वरचा झगा काढला, गुडघे टेकून प्रार्थना केली. आतला अंगरखा डीकनांकडे दिला आणि नुसत्या लिननच्या कपड्यात उभे राहिले. जल्लाद आला, तेव्हा याला पंचवीस सोन्याची नाणी द्या, असं त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं. लोकांनी त्यांच्यापुढं कापडं, रुमाल अंथरले. डोळ्यांवर पट्टी त्यांनी स्वतःच बांधली. हात मात्र स्वतःचे स्वतःला बांधता येईनात. ते ज्युलियन नावाच्या एका धर्मगुरूनं आणि त्याच नावाच्या एका सेवकानं बांधले. पाँटियस सांगतो की जल्लादाचा हात थरथरत होता.

दिवसभर देह तिथंच जवळ ठेवला होता. रात्र झाल्यावर मेणबत्त्या आणि मशाली घेऊन, प्रार्थना म्हणत लोकांनी तो उचलला आणि माशांच्या तळ्यांजवळच्या दफनभूमीत नेऊन पुरला. रस्त्यानं जाताना कुणी त्यांना अडवलं नाही.

थोड्याच दिवसांनी गॅलेरियस मॅक्सिमसही वारला.